बावीस पोरं आणि मेथीचा डबा

राजपुरा, बुऱ्हाणपूर
५ डिसेंबर २०२४

सुमनमावशी,

फोनच केला असता, पण फोन लावला की तुझ्या कानातलं मशीन शिट्टी मारतं आणि तू मला दूधवाला समजून ठेवून देतेस. म्हणून पत्र. आमच्या गल्लीतले लोटूभाऊ रोज सकाळच्या गाडीनं तुमच्या कागद मिलमध्ये कामाला येतात. त्यांच्या हातून पाठवते आहे, उत्तरही त्यांच्याच हातून दे.

मी एक घोळ करून बसले आहे. आमच्या महिला मंडळाचं दरवर्षी नाताळच्या सुट्टीत पोरांचं शिबिर असतं. सहा दिवस, रोज दोन तास, आणि रविवारी आईबापांसाठी प्रदर्शन. शिकवणाऱ्या बाई यंदा इंदूरला लेकीकडे गेल्या. मंडळाच्या अध्यक्ष म्हणजे माझ्याच सासूबाई, पार्वतीबाई. त्यांनी मीटिंगमध्ये विचारलं, आता कोण घेणार? सगळ्या बायका आपापल्या बांगड्या निरखायला लागल्या. आणि माझा हात वर गेला. मी केला नाही गं, तो गेला.

गेला तर गेला म्हणून मी घरी येऊन धीर करून विचारलं, आई, शिबिर चांगलं झालं तर रस्त्याकडची पुढची खोली मला द्याल का, बारा महिने पोरांचा हस्तकलेचा वर्ग घ्यायला? लग्नापासून तीन वर्षं हे मनात धरून आहे, तुला माहीतच आहे. त्या म्हणाल्या, ती खोली भूपेंद्रला द्यायचं बोलणं झालं आहे. भूपेंद्रभाऊजी म्हणजे सागरचे चुलतभाऊ. त्यांना तिथं मोबाइल कव्हरचं दुकान टाकायचं आहे, संक्रांतीचा मुहूर्त धरलाय. परवा टेप घेऊन येऊन भिंतीही मोजून गेले. आई एवढंच म्हणाल्या, तुझं प्रदर्शन तर होऊ दे, मग बघू.

म्हणजे हे शिबिर बिघडलं की खोली गेलीच समज.

पोरं बावीस, वय पाच ते बारा. करायचं काय? मोबाइलवर शंभर व्हिडिओ पाहिले. सगळ्यात त्याच आइस्क्रीमच्या काड्या आणि हलणारे डोळे. एकात कागदी डिशचा मासा होता, तो मी करून पाहिला. सागर म्हणाला, वडा छान झालाय. तू तीस वर्षं मिल कॉलनीत बालवाडी चालवलीस. आता तूच सांग काय निवडू.

तुझी
रजनी

◆

मिल कॉलनी
९ डिसेंबर

रजनी,

आशीर्वाद आहेतच, ते नंतर घे, आधी ऐक. ते व्हिडिओ बंद कर. त्यात एक पोर असतं आणि त्याच्या मागे तीन माणसं असतात. तुझ्याकडे बावीस पोरं आणि तू एकटी.

पोरांचं काम निवडताना मी कधी सुंदर काय दिसेल ते बघितलं नाही. मी बघायची की सगळ्यात लहान पोराला ते जमेल का, सगळ्यात मोठ्याला कंटाळा येईल का, आणि जो एक पोरगा डिंक खातो त्याला काही होईल का. तो प्रत्येक वर्षी असतो. त्याचं नाव बदलतं, बाकी तोच असतो. सुई नाही, कात्री दोनच, आणि चमकी घरात आणायचीच नाही. मी एक्क्याण्णव साली आणली होती, अजून तुझ्या काकांच्या टकलावर एखादा कण दिसतो.

आणि ज्या कामात आयांना हात घालावासा वाटेल ते काम घेऊ नको. एकदा मी आकाशकंदील घेतले. दुसऱ्या दिवशी सगळेच्या सगळे कंदील असे सुबक होऊन आले की मला पोरांची दया आली.

तू कागदाचा लगदा घे. जुने पेपर फाडून दोन दिवस भिजवायचे, कुटायचे, त्यात मेथी भिजवून वाटून घालायची. माझ्या शोकेसमधली टोपली आठवते ना? ती अशीच केलेली. मेथीनं लगदा चिकट होतो आणि त्याला कीड लागत नाही. पोरांना चिखलात हात घालायला मिळतो आणि आयांना तो किळसवाणा वाटतो, म्हणून त्या लांब राहतात. पहिल्या दिवशी नुसते गोळे वळून वाळवा. मग त्याच गोळ्यांना पाय, सोंड, कान लावून हत्ती, कासव काय ते करा.

काका मागे उभे राहून वाचत आहेत. त्यांना लिहू देते, नाहीतर जेवायचे नाहीत.

चि. रजनीस शालिग्रामचे आशीर्वाद. मी चौतीस वर्षे लगदा विभागात काढली, म्हणून अधिकाराने लिहितो. तुझी मावशी कुटणे म्हणते तो शब्द चूक आहे, तंतू मोकळे करणे म्हणावे. तंतू मोकळे झाले नाहीत तर मालात अक्षरे दिसतात. पाणी पिळून काढताना घाई नको. सविस्तर तीन पाने सोबत जोडली आहेत.

तीन पानं वाचू नको. सासूला नीट सांगून सगळं कर.

सुमनमावशी

◆

राजपुरा
१८ डिसेंबर

मावशी,

लगदा ठरला. पण आधी मी थोडी भटकले, तेही सांगते. इथं केळीचं खोड फुकट मिळतं, म्हणून म्हटलं केळीच्या धाग्याचं काहीतरी करू, अपने बुऱ्हाणपूर की चीज. शेजारची पाच पोरं बोलावून प्रयोग केला. वीस मिनिटांनी चार पोरं दिसत होती. पाचवा समोरच्या देवळाच्या खांबाला केळीच्या दोरानं बांधलेला होता आणि इतका खूश होता की सोडू देईना.

मग पेपर भिजवले. पाच बादल्या. काकांची तीन पानं वाचली मी, त्यांना सांग. पण तंतू काही नीट मोकळे झाले नाहीत, मिक्सरच तापून बंद पडला.

मेथीचं मात्र तुला एकटीला सांगते. बावीस पोरांना पुरायला हवी, म्हणून आईंच्या डब्यातली सगळीच घेतली. त्यांना सांगितलं नाही. शिबिर संपलं की डबा होता तसा भरून ठेवीन. आधी सांगितलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, चिखलात घालायला आहे का मेथी, आणि मग खोलीचा विषय काढायला मला तोंड राहिलं नसतं.

आणि गंमत म्हणजे आई एकदम गोड वागायला लागल्या आहेत. कालपासून घरभर मेथीचा वास सुटलाय, मला वाटलं आता विचारतील. तर त्यांनी स्वैपाकघरात डोकावून पाहिलं, हसल्या, आणि निघून गेल्या. दुपारी ओट्यावर डिंकाची पुडी ठेवलेली. मी विचार केला, त्यांना कळलंय की चिकटवायला डिंक लागतो. सगळा लगद्यात घातला, मस्त चिकट झाला. संध्याकाळी शेजारणीला सांगत होत्या, आमची रजनी न सांगता कामाला लागली हो. मावशी, तीन वर्षांत पहिल्यांदा "आमची" म्हणाल्या. मी आत जाऊन रडून घेतलं.

बाकी ठीक. भूपेंद्रभाऊजींच्या बायकोला, कविताला मुलगा झाला, तीन आठवडे झाले. आईंचं अर्धं लक्ष तिकडेच असतं. भाऊजी काल पुन्हा टेप घेऊन आले होते.

रजनी

◆

मिल कॉलनी
२० डिसेंबर

रजनी, अगं बावळट पोरी,

नात्यात बाळंतीण आहे. थंडीचे दिवस आहेत. सासूच्या डब्यात भरपूर मेथी आहे. ती मेथी वाटल्याचा वास येतो आणि सासू हसते. वर आणून डिंक ठेवते. आता तूच सांग, तुझी सासू काय समजून बसली आहे?

ती समजते की तू कवितासाठी लाडू वळते आहेस.

आत्ताच्या आत्ता जाऊन सांग. आणि काही झालं तरी गोळे वळू नको. मीच लिहिलं होतं गोळे वळ म्हणून, ते विसर. सोमवारी पहिल्या दिवसापासून सरळ हत्तीच कर. सोंड असलेला लाडू कोणी बांधत नाही.

लोटूभाऊंना बजावून देते आहे की पत्र आजच पोचवा.

मावशी

◆

राजपुरा
२६ डिसेंबर

मावशी,

तुझं वीस तारखेचं पत्र आज सकाळी मिळालं. लोटूभाऊ त्या दिवशी स्टेशनावरूनच देडतलाईला गेले, हरभऱ्याला पाणी द्यायला. पत्र सहा दिवस त्यांच्या शर्टाच्या खिशात हरभऱ्याच्या शेतात होतं. आता काय झालं ते क्रमानं सांगते, मध्ये डोक्याला हात लावू नको.

सोमवारी पोरांनी गोळे वळले. प्रत्येकी दोन, चव्वेचाळीस. रंग यावा म्हणून मी थोडा गेरू घातला होता. म्हणजे रंग लाडवाचा, वास लाडवाचा, आणि आईंच्या कृपेनं डिंकही. गच्चीवर दोन परातींत ठेवून वर मलमल झाकली, मुंग्या येऊ नयेत म्हणून. मंगळवारी आई वाळलेले कपडे आणायला गच्चीवर गेल्या, बराच वेळ आल्या नाहीत. खाली आल्यावर नुसतं म्हणाल्या, ऊन चांगलं आहे.

बुधवारी मी शिबिराला गेले. परत आले तर एक परात रिकामी. आई स्टीलच्या मोठ्या डब्यात बावीस गोळे भरून, इस्त्रीची साडी नेसून, स्वतः कविताकडे गेल्या होत्या.

मी तशीच पळत गेले. दारात चपलांची रांग होती. मंडळाच्या चार बायका बाळ बघायला आलेल्या. बाजेवर कविता, खुर्चीत आई, आणि समोर भूपेंद्रभाऊजी लाडू चावत होते. म्हणजे नुसते चावतच होते. पाव तास झाला असेल. डोळ्यांत पाणी आलं होतं पण माणूस थांबेना. काकींनी हातानं दिलेला लाडू टाकायचा कसा, तेही खोली मिळायची असताना? शेवटचा घास गिळून पाणी प्यायले आणि म्हणाले, "काकी, डिंक मस्त पडलाय."

मला जमिनीत जावंसं वाटलं.

तेवढ्यात कवितानं आपला लाडू फोडला. आत पेपरचा तुकडा जसाच्या तसा होता. तिनं सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं: "मौसम शुष्क रहेगा."

त्या चार बायकांनी हातातले लाडू एकदम खाली ठेवले. मी तिथंच उभ्या उभ्या सगळं कबूल केलं, मेथी, पेपर, सगळं. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले काही होत नाही, पाणी भरपूर प्या. मग म्हणाले, एक खाल्ला की दोन? भाऊजींनी चिडून फोन ठेवला.

आई तेव्हापासून माझ्याशी बोललेल्या नाहीत. मी समोर गेले की पदर तोंडाला लावून दुसऱ्या खोलीत जातात. सागर म्हणतो, थांब, उतरेल राग. काल रात्री मी त्यांना आत एकट्या बसून खांदे हलवताना पाहिलं. रडत होत्या बहुतेक. मावशी, माझ्यामुळे चार बायकांत त्यांची मान खाली गेली.

आणि शिबिराचं तर विचारूच नको. गोष्ट गावभर झाली. आज एकही पोर हत्ती करायला तयार नाही. सगळी लाडू वळतात आणि विचारतात, दीदी, हा कोणाला खायला द्यायचा? रोहिणी म्हणून सात वर्षांची आहे, ती जलेबी करत बसली. मी ओरडले तर म्हणाली, हत्ती तर कोणी खाऊन नाही बघणार ना.

रविवारी प्रदर्शन आहे. मांडायला काही नाही. खोली तर गेलीच, आता निदान तोंड दाखवायला जागा राहावी. काय करू?

रजनी

◆

मिल कॉलनी
२७ डिसेंबर

रजनी,

हे पत्र घेऊन काकाच येत आहेत. लोटूभाऊंचा भरवसा नाही. काकांच्या पिशवीत एक किलो मेथी आहे, ती सासूच्या डब्यात घालून टाक, तिच्यासमोर. माफी मागताना कारणं सांगू नको. कारणं मागाहून आपोआप कळतात.

आता शिबिर. तुला मी नऊ तारखेला मोठं ज्ञान पाजलं, त्यात एक राहिलं. पोरं जे करायला मागतात, तेच काम निवडायचं असतं. ती रोहिणी तुझ्यापेक्षा शहाणी आहे. हत्तीला सोडून दे. करू दे जलेबी.

आपल्याकडे गुलाबाईला गाणी झाली की खाऊ ओळखायचा असतो, डबा हलवून, वास घेऊन. तसंच ठेव प्रदर्शन. मिठाईचं दुकान मांडा. त्यात एक पदार्थ खरा आणि बाकी कागदाचे. आईबापांना ओळखायला लावा. पोरांना यापेक्षा मोठं सुख नाही, मोठ्यांना फसताना बघणं.

आणि खरं सांगू का, लहानपणी तू माझ्या शोकेसमधल्या ज्या टोपलीचं कौतुक करायचीस ना, ती मी केलेली नव्हती. माझ्या पहिल्या तिन्हीला बुरशी आली. ती जळगावच्या जत्रेतून आणली होती. काकांना माहीत नाही, पत्र त्यांच्या हाती लागू देऊ नको.

मावशी

मी पत्र गाडीत वाचले. टोपलीबद्दल मला लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून माहीत आहे. तिचे तंतू पाहूनच कळले होते. – शालिग्राम

◆

राजपुरा
३० डिसेंबर

मावशी,

झालं. मला अजून खरं वाटत नाही.

शुक्रवारी काका आले ते बाह्या वर करूनच. म्हणाले, पोरांनो, काय करायचं ठरलं? पोरं म्हणाली, मिठाई. एक पोरगा म्हणाला, मांडा पण करायचा. बाजारात आपले मांडे करणारे उलट्या कढईवर ती मोठी पातळ पोळी टाकतात ना, तसं त्यानं लगदा पातळ करून उलट्या कढईवर पसरला. काकांनी कढई उन्हात ठेवली. शनिवारी तो कागद सुटून हातात आला, गोल, पातळ, मांड्यासारखाच. काका तो उन्हाकडे धरून बघत राहिले. मग चष्मा पुसला. म्हणाले, "चौतीस वर्षांत एवढा चांगला शीट मी पाहिला नाही." ते तुला सांगणार नाहीत, म्हणून मी लिहिते.

रविवारी टेबलावर सगळं मांडलं. कागदाची काळपट मावा जलेबी, केळी, समोसे, मांडे, आणि लाडवांच्या पाच ताटल्या. खरा पदार्थ कुठला ठेवायचा या विचारात मी होते, तर आई आल्या. एक ताटली ठेवली आणि खुर्चीत जाऊन बसल्या. खरे मेथीचे लाडू. शुक्रवारी मी माफी मागून त्यांच्या डब्यात घातलेल्या, काकांच्या मेथीचे.

मावशी, कोणी हात लावेना. नगरसेवक आले, त्यांनी समोसा वाजवून पाहिला. लोटूभाऊंनी केळं सोलायचा प्रयत्न केला. पोरं लोळून हसत होती. आया विचारत होत्या, हे खरंच तुम्हीच केलं? आणि विश्वास ठेवावाच लागला, कारण इतके वाकडे समोसे आयांनी केलेले असूच शकत नव्हते.

मग भूपेंद्रभाऊजी आले. आई उठल्या, आपल्या ताटलीतला एक लाडू उचलून त्यांच्या हातात ठेवला. खरा होता गं. सगळे बघत होते. भाऊजींनी लाडवाकडे पाहिलं, आईंकडे पाहिलं, लाडू खिशात घातला. म्हणाले, "काकी, बसस्टँडजवळ जागा बघितली आहे मी दुकानाला. तुमच्या घरात दुकान टाकलं तर रोज चहाला बोलवाल."

आई पाच दिवसांनी पहिलं वाक्य माझ्याशी बोलल्या. म्हणाल्या, "खोली रिकामीच राहणार म्हणे. भर तुझी पोरं."

मी त्यांच्या पाया पडले आणि चार माणसांत रडले. पुढच्या सोमवारपासून वर्ग. सध्या एकोणतीस नावं आली आहेत, त्यातलं एक पोर डिंक खातं.

तुझी
रजनी

◆

राजपुरा, बुऱ्हाणपूर
१२ जानेवारी २०२५

सौ. सुमनताई यांना पार्वतीचा नमस्कार.

आपला पत्रव्यवहार कधी झाला नाही, पण हे रजनीला ऐकू जायला नको आणि तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही, म्हणून लिहिते.

मी चाळीस वर्षं मेथीचे लाडू वळते आहे. वास आला तेव्हा फसले, खोटं बोलत नाही. डिंकही ठेवला. पण मंगळवारी गच्चीवर परातीतला गोळा हातात घेतला आणि वजनावरूनच कळलं. लाडू एवढा हलका नसतो. प्रत्येक गोळ्यावर बारकी बारकी बोटं उमटली होती. एका पोरानं तर आपलं नाव कोरलं होतं. मी मलमल परत झाकली आणि तिथं जरा बसले. आमच्या मंडळाच्या शिबिराला बारा वर्षं झाली, पण घरी नेलेल्या वस्तूवर पोराचं बोट मी कधी पाहिलं नव्हतं. तेव्हाच ठरवलं, खोली रजनीची.

पण भूपेंद्रला मी शब्द दिला होता, आणि दिलेला शब्द मी फिरवत नाही. मग त्यानंच खोली नको म्हणायला हवं होतं. कविताला आत जाऊन कानात सांगितलं होतं की फोडून बघ, तोंडाला लावू नको. तिलाही नवऱ्याचं दुकान बसस्टँडलाच हवं होतं, घरापासून लांब. भूपेंद्र एक घास घेऊन थुंकेल आणि दोन महिने आमच्या घरी यायचा नाही, एवढाच माझा अंदाज होता. अख्खा खाईल हे मला कुठे ठाऊक. त्याबद्दल मी देवापुढे नारळ ठेवला आहे.

नंतर मी रजनीशी बोलले नाही, त्याचं पोरीनं फार मनाला लावून घेतलं. पण बोलणार कशी? तोंड उघडलं असतं तर हसू आलं असतं. चार दिवस पदर दाबून दाबून माझ्या गालाला वळ पडला. तिला अजून वाटतं मी रडत होते. वाटू द्या. सासू एकदा रडली एवढं सुनेला वाटलेलं बरं असतं.

मेथीच्या डब्याला मात्र कुलूप लावलं आहे.

संक्रांतीचा तिळगूळ वेगळा पाठवीन. लोटूभाऊंबरोबर हा डबा पाठवते आहे. अकरा लाडू आहेत. दहा खरे. शालिग्रामभाऊजींना आधी घेऊ द्या.

पार्वती